झाडूच्या आधी गाडगे

संतांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ज्ञानदेव-नामदेवांपासून तुकोबांपर्यंत या संतांनी आपल्याला ग्रंथ दिले, अभंग दिले, ओव्या दिल्या. विसाव्या शतकात मात्र वऱ्हाडच्या मातीत असा एक संत होऊन गेला, की ज्याने ग्रंथ लिहिला नाही, कोणाला मंत्र दिला नाही, कोणाला शिष्य केले नाही आणि स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा बांधली नाही. त्याच्याजवळ दोनच वस्तू असत. एक खराटा आणि एक फुटके गाडगे. लोकांनी त्याला नाव दिले ते गाडग्यावरून आणि लक्षात ठेवले ते खराट्यामुळे!

गाडगेबाबांचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे झाडू उभा राहतो. शाळेच्या भिंतीवरील चित्रात झाडू, स्वच्छता मोहिमेच्या फलकावर झाडू, जयंतीच्या भाषणातही झाडूच. झाडूचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु बाबांचे चरित्र वाचताना मला सारखे वाटत राहिले की, झाडू हा त्यांच्या कार्याचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध आहे तो त्या गाडग्यात. झाडू झालेला कचरा दूर करतो; गाडगे मुळात कचरा होऊच देत नाही. घरोघरचा कचरा ही आज आपल्या पनवेलसारख्या वाढत्या शहराची डोकेदुखी होऊन बसली आहे. अशा वेळी या विसरलेल्या पूर्वार्धाची आठवण करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बाबांचे आणि पनवेलचे एक नाते आहे, तेही येथे सांगितले पाहिजे. याच पनवेलमध्ये १८८५ साली जन्मलेल्या केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार ठाकरे, यांनी बाबांचे चरित्र लिहिले आणि तेही बाबा हयात असताना, १९५२ साली. देवळे, भटभिक्षुकी आणि बुवाबाजी यांच्यावर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या या लेखकाची लेखणी एका संतापुढे नम्र झाली. हा संत इतर बुवांपेक्षा किती निराळा होता, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परटाच्या घरी झाला. लोकांचे मळके कपडे स्वच्छ करून देणे हा घराण्याचा व्यवसाय. पुढे या मुलाने लोकांचे मळके रस्ते आणि मळके आचार स्वच्छ करण्याचा ध्यास घेतला, हा एक विलक्षण योगायोगच म्हटला पाहिजे. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. दारूने घर धुऊन नेले, शरीर पोखरले आणि १८८४ साली त्यांना मृत्यूने गाठले. आई सखूबाई आठ वर्षांच्या डेबूला घेऊन दापुरे या माहेरगावी आली.

मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला. गोठा झाडावा, शेण काढावे, बैल धुवावेत, त्यांना चारावे. पुढे नांगर हाती आला आणि डेबूजी कसलेला शेतकरी झाला. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पण संसार मांडतो न मांडतो तोच सावकारी कर्जाचा फास घराभोवती आवळला गेला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाऊ लागली. त्या काळच्या वऱ्हाडात ही गोष्ट घरोघरी घडत होती. डेबूजी मात्र मुकाट्याने जमीन सोडणाऱ्यांतले नव्हते. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली तेव्हा ते नांगर धरून उभे राहिले. अक्षरांची ओळख नसणारा माणूस कागदावरच्या आकड्यांना कसा बळी पडतो, हे त्यांनी त्या वेळी पाहिले आणि ते कधी विसरले नाहीत.

याच काळातील आणखी एक प्रसंग सांगतात. घरी मुलगी झाली. जातीच्या रिवाजाप्रमाणे बारशाला दारू आणि मटणाची पंगत उठली पाहिजे. ऐपत नसली तर कर्ज काढायचे, पण पंगत घालायची! डेबूजींनी रिवाज मोडला आणि आलेल्यांना गोडाचे साधे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, कुजबुजले. पण डेबूजी ढळले नाहीत. माझ्या मते बाबांच्या जीवनकार्याचा पहिला धडा येथेच आहे. गरज नसलेली गोष्ट केवळ चार लोक करतात म्हणून घरात येऊ द्यायची नाही, हे त्यांनी प्रथम स्वतःच्या उंबऱ्यावर ठरविले. हाती झाडू येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे अठ्ठावीस वर्षांच्या डेबूजींनी घर सोडले. म्हातारी आई, पत्नी, लेकरे मागे राहिली. या गृहत्यागाचा विचार करताना मन घुटमळते. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी काय सोसले असेल, याचा हिशेब चरित्रग्रंथांत फारसा सापडत नाही. पण डेबूजी हिमालयात गेले नाहीत, गुहेत बसले नाहीत. ते गावोगाव हिंडू लागले. कोणी त्यांना वेडा म्हटले, कोणी चोर समजून हाकलले. एखाद्याच्या शेतात न सांगता राबावे, एखाद्या म्हातारीची मोळी उचलावी, आणि कोणी नाव विचारण्याच्या आत पुढच्या गावची वाट धरावी, असा क्रम कित्येक वर्षे चालला.

त्यांचा वेष आता सर्वांच्या परिचयाचा आहे. पण परिचयामुळेच आपण तो नीट पाहिलेला नाही. अंगात ठिगळे जोडून केलेला झगा. म्हणून कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. पायांत फाटकी पादत्राणे. एका कानात कवडी, तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. ऊन लागले तर तीच टोपी, तहान लागली तर तेच फुलपात्र, भूक लागली तर तेच ताट. आता या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. चिंध्या, खापर, फुटकी बांगडी ही सारी लोकांनी टाकून दिलेली वस्तू! या माणसाच्या अंगावर विकत घेतलेले असे जवळजवळ काहीच नव्हते. गावाने उकिरड्यावर टाकलेल्या वस्तू अंगावर लेऊन तो गावात प्रवेश करीत असे. जिचा उपयोग संपला असे लोक समजत, तिचा उपयोग अजून संपलेला नाही, हे त्याला तोंडाने सांगावेच लागत नसे.

गावात शिरल्यावर पहिले काम झाडण्याचे. वेशीपासून सुरुवात व्हावी. रस्ता, चावडी, देवळासमोरचे आवार, तुंबलेली गटारे एकामागून एक साफ होत जावीत. लोक आधी हसत, मग बघत, मग एखादा पोरगा खराटा घेऊन मदतीला येई. काम झाले की बाबा एखाद्या दारात भाकरी मागत. ती भिक्षा नव्हती, केलेल्या कामाची मजुरी होती. भाकरी, चटणी, कांदा गाडग्यात घ्यावा आणि एका बाजूला बसून खावा. पक्वान्न पुढे आले तर त्यांना ते रुचत नसे. पाया पडायला येणाऱ्यापासून ते दूर पळत. गळ्यात हार घालून घेणे तर दूरच राहिले. विचार करून पाहा, दिवसाअखेर या माणसाच्या मागे कचरा म्हणून काय उरत असेल? उष्टे नाही, पत्रावळ नाही, फुले नाहीत. सारा गाव झाडणारा हा माणूस स्वतः झाडण्याजोगे काही मागे ठेवीत नव्हता. मला वाटते, इतरांच्या दारातला केर काढण्याचा नैतिक अधिकार त्यांना यातूनच मिळाला.

रात्री कीर्तन होई. बाबांचे कीर्तन म्हणजे शास्त्रार्थ नव्हे. समोर बसलेल्या शेतकरी-मजुरांना ते प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू, कर्ज, हुंडा, नवसाचे बोकड, शिवाशीव यांवर ते वऱ्हाडी बोलीत असे काही प्रहार करीत की, श्रोते आधी पोट धरून हसत आणि मग अंतर्मुख होत. लग्नातल्या आणि तेराव्याच्या जेवणावळींवर त्यांचा विशेष रोख असे. मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाने कर्जात बुडावे, याची त्यांना चीड होती. जेवणाचे ताट नसले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, असे ते कळवळून सांगत. काटकसर ही त्यांच्या दृष्टीने कंजुषी नव्हती. पैसा कोठे जिरतो आणि कोठे जिरला पाहिजे, याचा तो विवेक होता.

बाबांनी केवळ उपदेश केला असता तर ते आज कोणाच्या स्मरणातही राहिले नसते. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेला येणारी माणसे चिखलातून घसरत, पडत. तेथे त्यांनी १९०८ साली घाट बांधविला. पंढरपूरला वारी उलटली की चंद्रभागेच्या वाळवंटात घाणीचे साम्राज्य पसरे. बाबा विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत उभे न राहता ते वाळवंट झाडीत. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरीत डोके टेकायला जागा मिळत नाही, हे पाहून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या, सदावर्ते सुरू झाली, शाळा निघाल्या. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दाखातर जमा झाले. गाडगे मात्र तेच राहिले. कुंताबाई आणि मुलींनीही सदावर्ताच्या अन्नावर जगू नये, हा त्यांचा कटाक्ष होता.

आपल्या कोकणाशी जोडलेला एक प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. पनवेलहून निघणारा गोव्याचा रस्ता पेण, महाड, चिपळूण करीत सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतो, तेथे खारेपाटण लागते. त्या काळी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९२३ साली बाबांचे खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. हे धैर्य की कठोरपणा, याचा निर्णय करण्याची माझी पात्रता नाही. परंतु आपल्या दुःखाचासुद्धा भार दुसऱ्यावर टाकायचा नाही, असे ज्याने ठरविले होते, तो आपल्या उष्ट्या पत्रावळीचा भार दुसऱ्यावर कसा टाकील?

१९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि सर्व संस्था एका छत्राखाली आल्या. देह थकला होता. हिंडणे थांबले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. मरणही रस्त्यावर आले, आणि ज्याने सारे आयुष्य रस्ते झाडले त्याला ते शोभून दिसले.

मृत्यूनंतर त्यांचा गौरव उदंड झाला. १९७७ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा उभे केले. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि हजारो खेडी एकमेकांशी चढाओढ करीत झाडून निघाली. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला! हा गौरव यथोचितच आहे. तथापि या साऱ्या गौरवात झाडू पुढे आला आणि गाडगे मागे पडले, ही माझी खंत आहे.

एका स्वच्छता शिबिरात मी स्वतः पाहिले. सकाळी सात वाजल्यापासून आम्ही साठ-सत्तर मुलांनी एक परिसर झाडून लख्ख केला. छायाचित्रे निघाली, पाहुण्यांचे भाषण झाले. नंतर अल्पोपाहार आला तो कागदी म्हणून आणलेल्या, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असलेल्या ताटल्यांमधून. सोबत प्रत्येकाला पाण्याची छोटी बाटली. तासाभराने त्याच परिसराच्या कोपऱ्यात ताटल्या, चमचे आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा जो ढीग जमला, तो आम्ही गोळा केलेल्या कचऱ्याच्या ढिगाला लाजविणारा होता. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. फक्त बाबांचा खराटा आठवला आणि त्यांचे ताट आठवले नाही, एवढेच!

यावर कोणी म्हणेल की, बाबांचा काळ निराळा होता. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक गंभीरपणे घेतले पाहिजे. १९०५ साली खेड्यातल्या घरातून बाहेर पडणारा केर म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, भाजीची देठे. हे सारे उकिरड्यावर जाई, पावसात कुजे आणि वैशाखात खत होऊन शेतात पडे. त्यामुळेच आपल्याकडे दिवाळीत उकिरड्यावरही पणती लावण्याची चाल पडली. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी म्हण निघाली. त्या केराला झाडू पुरेसा होता, कारण झाडूने लोटलेली वस्तू माती परत घेत असे. आज घरातून निघणारी दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, बिस्किटाचे चकचकीत वेष्टन माती परत घेत नाही. त्यांचा पांग बाराच काय, बाराशे वर्षांनी तरी फिटेल की नाही याची शंकाच आहे. झाडू त्यांना फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेऊन ठेवतो.

आपले पनवेल हे जुने शहर. येथे नगरपालिका आली १८५२ साली, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल येथे वाड्यांच्या आणि भातखाचरांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. वाड्यात परसदार होते, परसात आळूचे वाफे होते, मोरीचे पाणी त्यांना जाई आणि भाजीचे देठ केळीच्या बुंध्याशी पडत. चौथ्या मजल्यावरच्या घराला परसदार कोठून येणार? तेथे ओले-सुके सगळे एकाच काळ्या पिशवीत बांधून घंटागाडीत जाते. एवढे केले की घर स्वच्छ झाले असे आपण मानतो. वास्तविक ते फक्त दृष्टिआड झालेले असते. हवा न लागता दडपला गेलेला ओला कचरा डंपिंग ग्राउंडवर कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो, कधी त्याला आग लागते, आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. रस्त्यावर राहिलेल्या पिशव्या पावसाळ्यात नाल्यातून गाढी नदीत आणि नदीतून खाडीत जातात.

कायदे झाले नाहीत असे नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराने तुंबलेल्या गटारांचा धडा दिला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. पण कायदा बाजारात थांबतो, उंबऱ्याच्या आत येतो ती सवय. आणि सवय लावण्याचे काम आपले आपणच करावे लागते.

म्हणून मी बाबांचे गाडगे अक्षरशः घरात आणून ठेवले. आमच्या सज्जात मातीची दोन मडकी आहेत. त्यांच्या बुडाला व अंगाला भोके पाडून घेतली आहेत. तळाशी नारळाची शेंडी आणि वाळका पाला, त्यावर रोजची भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा आणि वर पुन्हा मूठभर वाळका पाला पसरायचा. आधीचे थोडे तयार खत किंवा आंबट ताकाचा शिपका दिला की, दुधाला विरजण लागावे तसे ते लागते. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतकाच हवा. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले असे समजावे आणि पाला वाढवावा. एक मडके भरले की ते झाकून दुसरे सुरू करायचे. दोन-तीन महिन्यांत पहिल्या मडक्यात काळेभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. म्हणजे एवढ्या एका सवयीने घंटागाडीचा निम्मा भार उंबऱ्याच्या आतच उतरतो. आणि ओले वेगळे झाल्यावर उरलेला कागद, पत्रा, काच, प्लॅस्टिक कोरडे राहते. ते रद्दीवाला आणि भंगारवाला आनंदाने नेतो.

बाकीच्या गोष्टी तर आपल्या आज्यांना सांगाव्याच लागत नव्हत्या. दोडक्याच्या शिरांची चटणी, भोपळ्याच्या सालींची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी! जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे, पायपुसणे विरले की चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके. नारळाच्या करवंटीचा डाव, शेंडीचा भांडी घासायला चोथा, आणि माडाच्या वाळक्या झावळीतले हीर काढून बांधलेला खराटा. म्हणजे झाडूसुद्धा टाकाऊतूनच जन्मलेला! बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई, कल्हईवाला पितळेला पुन्हा नवे करून जाई. आज आपण एवढे तरी करू शकतो. बाजाराला निघताना कापडी पिशवी, महाविद्यालयात येताना पाण्याची भरलेली बाटली आणि डबा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये, पिशवीलाच लटकत ठेवावा. सुटलेला तो इवलासा तुकडा कोणताही भंगारवाला वेचत नाही. तो थेट गटारात जातो. घरच्या कार्याला स्टीलची ताटे भाड्याने आणावीत, किंवा खऱ्या पानांच्या पत्रावळी घ्याव्यात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही. त्यांनी स्वतः चिंध्या पांघरल्या. पण लोकांना चिंध्या पांघरायला सांगितले नाही. लोकांच्या मुलांनी शाळेत जावे, धड कपडे घालावेत, कर्जातून सुटावे, यासाठी ते झटले. ज्याला वस्त्रच मिळत नाही त्याला काटकसर शिकविणे ही क्रूर थट्टा होय. काटकसरीचा उपदेश ज्यांच्या घरातून रोज भरलेली पिशवी बाहेर पडते त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी आहे.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. झाडू हे आपल्या समाजात केवळ साधन नव्हते. ते काही जातींच्या कपाळी मारलेले काम होते. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, पण ती रोज हातात धरणाऱ्याला शतकानुशतके दूर ठेवले. बाबांनी तो खराटा आपल्या हातात घेतला, कोणी न सांगता, कोणी न लादता. त्यांच्या या कृतीचा खरा अर्थ हाच की, माझी घाण उचलणे हे दुसऱ्या कोणाचे जन्मजात कर्तव्य नाही. आपण ओल्या-सुक्याची सरमिसळ करून पिशवीची गाठ मारतो तेव्हा ती गाठ पुढे कोणीतरी सोडणार असतो. त्यात उष्ट्याबरोबर फुटलेली काच, दाढीचे पाते, वापरलेली पॅड असतात आणि त्या सर्वांत कोणाचा तरी हात, पुष्कळदा मोज्याशिवाय, जाणार असतो. तो हात आपल्याला दिसत नाही एवढेच. काच आणि पाते कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून वेगळे दिले तर आपला एक मिनिट जातो. त्याची बोटे वाचतात. घरातला कचरा कमी करणे ही पर्यावरणाची बाब आहे, यात शंका नाही. पण बाबांच्या चरित्रातून मला उमगले ते असे की, त्याआधी ती माणुसकीची बाब आहे.

येत्या २३ फेब्रुवारीला आपण पुन्हा झाडू हाती घेऊ, आणि घेतलाच पाहिजे. पण त्या दिवशी झाडून झाल्यावर आपल्या हातात जे ताट येईल, ते फेकायचे की धुऊन ठेवायचे, एवढे मात्र आदल्या दिवशीच ठरवून ठेवू.